राग खरा, पत्ता चुकीचा

लिओनार्ड निमॉयने १९७५ साली आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले 'आय अ‍ॅम नॉट स्पॉक'. त्याने 'स्टार ट्रेक' मालिकेत रंगवलेल्या स्पॉकवर जीव टाकणाऱ्या चाहत्यांनी मुखपृष्ठ पाहिले आणि त्यांचे पित्त खवळले. ज्या पात्राने याला मोठे केले त्यालाच हा झिडकारतो? आत पुस्तकात निमॉय स्पॉकबद्दल आपुलकीनेच लिहितो, स्पॉकशी चक्क संवाद करतो. नट वेगळा आणि पात्र वेगळे, एवढेच त्याचे म्हणणे. पण पुस्तक वाचणारे किती आणि नाव वाचणारे किती! शेवटी १९९५ साली त्याने दुसरे आत्मचरित्र लिहिले. त्याचे नाव 'आय अ‍ॅम स्पॉक'. चार शब्दांनी केलेला घोटाळा निस्तरायला वीस वर्षे.

म्हणजे मथळा वाचून भडकण्याचा रोग रील आणि थंबनेलने आणला, असे म्हणायची सोय नाही. त्यांनी त्याला फक्त वेग दिला.

एखाद्या कलाकाराने मुलाखतीत काहीतरी आक्षेपार्ह म्हटले आणि मालिकेचे चाहते खवळले की बाकीच्यांच्या दोन ठरावीक प्रतिक्रिया येतात. 'लोकांना दुसरे उद्योग नाहीत' ही एक आणि 'हाकला त्याला मालिकेतून' ही दुसरी. दोन्ही आळशी आहेत. पहिल्या मंडळींनी थोडा हिशेब करावा. रोज अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, अशी मालिका तीन वर्षे पाहणाऱ्याने त्या चेहऱ्यासमोर साडेचारशे तासांहून जास्त वेळ घालवलेला असतो. इतका वेळ आपण सख्ख्या चुलतभावाशीही बोललेलो नसतो. त्या चेहऱ्याने काही वाईट बोलले तर लागणारच. तेव्हा रागावण्याचा हक्क चाहत्यांना आहे, पूर्ण आहे. माझा आक्षेप पुढचा आहे: हा राग बहुतेक वेळा न तपासलेल्या वाक्यावर निघतो, ज्याच्या हातात काहीच नाही अशा माणसावर निघतो आणि ज्या मार्गाने जातो त्या मार्गाच्या टोकाला कोणी बसलेलेच नसते.

आधी ते वाक्य. मुलाखत म्हणजे दोन माणसे बसली आणि बोलली, असे प्रेक्षकाला वाटते. प्रसिद्धीच्या काळातल्या बहुतेक मुलाखती तशा नसतात. 'जंकेट' नावाचा प्रकार घ्या. हॉटेलच्या खोलीत कलाकार खुर्चीत बसून राहतो आणि समोरचे पत्रकार बदलत जातात. प्रत्येकाला पाच ते आठ मिनिटे. कॅमेरे आणि दिवे बहुधा निर्मिती संस्थेचेच. पीआरचा, म्हणजे प्रसिद्धी सांभाळणारा, माणूस कोपऱ्यात घड्याळ घेऊन उभा असतो आणि 'शेवटचा प्रश्न' अशी खूण करतो. दिवसभरात असे पंचवीस-तीस पत्रकार येतात आणि त्यातले वीस जण एकच प्रश्न विचारतात. संध्याकाळपर्यंत माणूस एकतर पाठ केलेले बोलतो किंवा कंटाळून गंमत करायला जातो. गंमत समोरच्याला कळते, कारण तो हसू पाहत असतो. छापील मजकुरात ते हसू उरत नाही.

छापील मुलाखतीची तऱ्हा आणखी वेगळी. तासाभराच्या बोलण्यातून बाराशे शब्द काढायचे असतात. 'सोयीसाठी मजकूर संक्षिप्त केला आहे' अशी बारीक अक्षरातली ओळ तळाशी असते, ती कोणी वाचत नाही. वीस मिनिटांच्या अंतराने दिलेली दोन उत्तरे शेजारी येतात आणि त्यांच्यात कार्यकारणभाव असल्यासारखा भास होतो. मथळा बऱ्याच ठिकाणी मुलाखत घेणारा देतच नाही. तो डेस्कवरचा माणूस देतो, आणि चाहते शिव्या घालतात मुलाखतकाराला. पॉडकास्टमध्ये उलट घडते. तिथे दीड-दोन तास सलग बोलायचे, मध्ये थांबवणारा पीआर नसतो, तासाभराने जीभ सैल होते. मग त्याच कार्यक्रमाची मंडळी प्रसिद्धीसाठी त्यातून तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे कापतात आणि मूळ भागाच्या आधी सोडतात. तुकडा कापणाऱ्याचे काम लोकांना बोट थांबवायला लावणे हे आहे. त्याने सर्वांत समतोल वाक्य निवडावे अशी अपेक्षा करणे म्हणजे फटाके विकणाऱ्याकडून शांततेची अपेक्षा करणे.

म्हणून क्लिप हातात आली की पहिले पाहायचे ते प्रश्न ऐकू येतो का. उत्तर आहे आणि प्रश्न कापला आहे, तर ती क्लिप अर्धीच आहे असे समजावे. 'तुमच्या पात्राच्या दृष्टीने' असा प्रश्न असेल तर उत्तर पात्राचे असते. प्रश्न उडवला की तेच उत्तर कलाकाराचे मत होऊन बसते. मग मूळ मुलाखत शोधायची आणि त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटे व नंतरची दोन मिनिटे ऐकायची. चार मिनिटे, जास्त नाही. ऐकताना कान श्वासाकडे ठेवावा. जोड असेल तिथे श्वास अर्धवट तुटतो, मागचा एसीचा आवाज एकदम बदलतो, हातातला कप नाहीसा होतो, केसांची बट एका कानामागून दुसऱ्या बाजूला जाते. जोड असणे म्हणजे लबाडीच असे नाही, अडखळणेही कापतात. पण वादग्रस्त वाक्याच्या बरोबर मधोमध जोड असेल तर सावध व्हावे. मुलाखत दुसऱ्या भाषेतली असेल तर खालच्या भाषांतराच्या पट्टीवर विसंबू नये, त्या भाषेच्या जाणकाराला विचारावे. उपरोध पट्टीत उतरत नाही. चौथी गोष्ट तारीख. मुलाखत कधी झाली आणि कधी बाहेर आली यात महिने असू शकतात. सहा वर्षांपूर्वीचे बोलणे आज सकाळचे म्हणून फिरते तेव्हा ते कोणीतरी मुद्दाम उकरून काढलेले असते, आणि का काढले हा प्रश्न त्या बोलण्याइतकाच विचारण्याजोगा असतो.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. 'संदर्भ सोडून घेतले' हे वाक्य आता कलाकारांच्या पीआरच्या खिशात तयारच असते आणि पूर्ण संदर्भ पाहिला की माणूस निर्दोष सुटतो अशी समजूत त्यातून पसरते. तसे काही नसते. २०१८ च्या मे महिन्यात 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' या विनोदी मालिकेच्या कलाकारांची एकत्र मुलाखत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. घेणारा पत्रकार सोपान देब. त्या कलाकारांतल्या जेफ्री टॅम्बोरला त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या एका मालिकेतून लैंगिक छळाच्या आरोपांमुळे काढले होते. आरोप त्याने नाकारले होते. या मालिकेच्या सेटवर तो सहकलाकार जेसिका वॉल्टरवर ओरडला होता, हा विषय निघाला. वॉल्टर रडत म्हणाली की जवळपास साठ वर्षांच्या कामात सेटवर आपल्यावर असे कोणी ओरडले नव्हते. ती शेजारी बसलेली असताना दुसरा सहकलाकार जेसन बेटमन समजावू लागला की या धंद्यात अवघड स्वभावाची माणसे असतातच, घडते असे. वयाने सर्वांत लहानांपैकी असलेली आलिया शौकत तेवढी म्हणाली की घडते म्हणून ते चालवून घ्यावे असे नाही.

या मुलाखतीचे ध्वनिमुद्रणही वृत्तपत्राने उपलब्ध केले. लोकांनी ते ऐकले. आणि छापलेल्यापेक्षा ऐकलेले जास्त वाईट निघाले. छापील मजकुरात एकामागून एक उत्तरे दिसतात. आवाजात एक बाई रडते आहे आणि तिच्याच तोंडासमोर पुरुष मंडळी तिला रडवणाऱ्याची बाजू सावरत आहेत, हे क्रमाने, विराम आणि हुंदक्यांसकट कळते. चाहते चिडले ते तपासून चिडले, आणि त्यांचे चिडणे नेमके होते. दुसऱ्याच दिवशी बेटमनने माफी मागितली, पाठोपाठ आणखी दोन सहकाऱ्यांनीही. ब्रिटनमधला ठरलेला प्रसिद्धीचा दौरा नेटफ्लिक्सने रद्द केला. चाहत्यांच्या रागाने काय साधू शकते त्याचा हा मला सर्वांत चांगला नमुना वाटतो: कोणाची नोकरी गेली नाही, कोणाच्या घरावर दगड पडले नाहीत, पण जे सेटवर 'चालायचेच' म्हणून खपत होते ते खपेनासे झाले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अभिनेत्री कॅथरीन हायगलचे प्रकरण आहे आणि तिथे चाहते साफ चुकले असे माझे मत आहे. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या डॉक्टरांच्या मालिकेसाठी २००७ चे एमी हे टीव्हीचे पारितोषिक तिला मिळाले. २००८ मध्ये तिने पारितोषिकाच्या विचारातून आपले नाव काढून घेतले आणि कारण सांगितले की या हंगामात त्या तोडीचे काम मला लिहून मिळालेले नाही. पुढच्या वर्षी एका टॉक शोमध्ये तिने सेटवरच्या सतरा तासांच्या दिवसाबद्दल जाहीर तक्रार केली आणि त्याला क्रूर म्हटले. झाले! कृतघ्न, गर्विष्ठ, डोक्यात हवा गेलेली. हे शिक्के वर्षानुवर्षे टिकले.

आता तिने काय म्हटले ते थंड डोक्याने वाचा. एक तक्रार लेखनाबद्दल, एक कामाच्या तासांबद्दल. कोणत्याही कचेरीत, कारखान्यात माणसे याच दोन तक्रारी करतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-मालिका तंत्रज्ञांच्या संघटनेने संपाची परवानगी मागितली तेव्हा सुमारे ६० हजार कामगारांचा प्रश्न होता आणि मतदान केलेल्यांपैकी ९८ टक्क्यांनी होकार दिला. मुख्य मुद्द्यांत एक होता कामाचे अमानुष तास. २०२२ मध्ये त्याच मालिकेची नायिका एलेन पॉम्पिओ हिनेही सांगितले की हायगलचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. तेरा वर्षांनी! तोवर 'तिच्याबरोबर काम करणे अवघड आहे' या कुजबुजीने जे करायचे ते करून टाकले होते, आणि त्या कुजबुजीला चाहत्यांनीच जोर पुरवला होता.

असे का होते? कलाकाराने मालिकेला नावे ठेवली की चाहत्याला ती आपल्याला ठेवल्यासारखी वाटतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ सालीच या नात्याला शब्द दिला, पॅरासोशल. आपण मराठीत एकतर्फी जवळीक म्हणू. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असे वाटते, त्याच्या सवयी आपल्याला पाठ असतात आणि आपण अस्तित्वात आहोत हेही त्याला ठाऊक नसते. यात वेडेपणा काही नाही, माणसाचे मन असेच चालते. पण या जवळिकीत पात्राचे गुण कलाकाराच्या खात्यावर जमा होतात. प्रेमळ डॉक्टर साकारणारी बाई मुलाखतीत कोरडी बोलली की फसवणूक झाल्यासारखे वाटते. उलट बाजूही तेवढीच खरी. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये नायकाच्या बायकोचे काम करणाऱ्या अ‍ॅना गनने २०१३ च्या ऑगस्टमध्ये लेख लिहून सांगितले की स्कायलर या पात्राचा द्वेष करता करता लोक तिचाच द्वेष करू लागले होते, जिवावर उठण्यापर्यंत. नवरा अमली पदार्थ बनवतो आणि बायको त्याला अडवते, तर राग बायकोवर! तो राग पटकथेतून उठून एका नोकरदार नटीच्या दारात गेला.

तेव्हा बोलणे कोणत्या जातीचे आहे ते आधी ठरवावे. मालिकेच्या लेखनाबद्दल, तासांबद्दल, पैशांबद्दल तक्रार असेल तर सोडून द्या. उलट कान द्या, कारण आतली बातमी तीच असते. हवापाण्याची, गावाची, खाण्याची टिंगल असेल तर तिची लायकी तेवढीच. 'एक्स-फाइल्स'चे चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरला होत होते; तिचा नायक डेव्हिड ड्युकोव्हनीने १९९७ मध्ये टीव्हीवर तिथल्या पावसाची थट्टा केली तेव्हा ते अख्खे शहर रुसले होते. मालिकेचे चित्रीकरण पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला गेले, पाऊस व्हँकुव्हरलाच राहिला. चाहत्यांनाच हिणवले असेल तर दुखते, पण तो अपमान आहे, अन्याय नव्हे, आणि त्याला एवढे उत्तर पुरे की आता तुमच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. खरा मामला सुरू होतो तो सहकाऱ्यावर झालेला त्रास झटकून टाकणारे बोलणे आणि एखाद्या जमातीला, लिंगाला, वर्णाला हीन ठरवणारे बोलणे इथे. कारण त्याचा परिणाम सेटवर जाणवतो. उद्या त्या माणसासमोर मेकअपच्या खुर्चीत कोण बसणार आहे, त्याच्या हाताखाली कोण उभे राहणार आहे, याच्याशी त्याचा संबंध आहे.

माफीकडेही असेच बारकाईने पाहायला हवे. आयझाया वॉशिंग्टनवर आरोप होता की त्याने २००६ मध्ये 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'च्या सेटवर सहकलाकारासाठी समलैंगिकांना हिणवणारा शब्द वापरला. २००७ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब सोहळ्यात पत्रकारांसमोर तो हे नाकारायला उभा राहिला आणि नाकारताना तोच शब्द त्याने माइकवर, साऱ्या कॅमेऱ्यांसमोर पुन्हा उच्चारला. सेटवर मोजक्यांनी ऐकलेला शब्द त्या एका खुलाशाने घरोघरी गेला. नंतर माफी आली, पण जूनमध्ये त्याचा करार पुढे वाढवला गेला नाही. २०१४ मध्ये तो एका भागापुरता परत आला तेव्हा जुन्या रागाचे निखारे पुन्हा फुलले. खुलासा मूळ बोलण्यापेक्षा महाग पडतो, तो असा.

माफीची भाषा पाहताना मी तीन जागा पाहतो. कर्ता कोण आहे? 'माझ्याकडून' की 'गैरसमज झाला'? कर्म कोण आहे? बेटमनने वॉल्टरचे नाव घेऊन माफी मागितली. 'सर्व चाहत्यांची क्षमा' असे म्हणून ज्याला लागले त्याचे नाव गाळणे ही पळवाट असते. आणि वाक्यात 'जर' आहे का? 'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे मराठी माणसाला पाठ झालेले वाक्य माफीचे नाही, ते शंकेचे आहे. वकिलाने तपासलेला मजकूर लगेच ओळखू येतो: त्यात एकही क्रियापद प्रथमपुरुषी नसते. मात्र माफी नीट असेल तर ती स्वीकारायची तयारीही हवी. प्रत्येक माफीला 'उशीर झाला' किंवा 'मनापासून नाही' म्हणणारे चाहते पुढच्या कलाकाराला एकच गोष्ट शिकवतात, की माफी मागून काही उपयोग नाही, गप्प बसून आठवडा काढावा.

मग बहिष्कार. हा शब्द फार सहज तोंडात येतो आणि त्याचे यंत्र कसे चालते ते फार थोड्यांना माहीत असते. टीव्हीवरची मालिका किती जणांनी पाहिली हे सगळ्या घरांतून मोजत नाहीत. निवडलेल्या घरांत मीटर बसवतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. भारतात हे काम 'बार्क' ही संस्था करते: सुमारे ५८ हजार मीटर आणि त्यांवरून अंदाज २३ कोटी टीव्ही-घरांचा. भागाकार करा, एका मीटरमागे जवळजवळ चार हजार घरे येतात. मीटर कोणाकडे आहे हे गुप्त ठेवतात, ठेवलेच पाहिजे. याचा अर्थ असा की तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केलात काय आणि भिंतीला तोंड करून बसवलात काय, त्या आठवड्याच्या आकड्यात तिळमात्र फरक पडत नाही. लाखभर लोकांनी हॅशटॅग चालवला आणि आकडा जागचा हलला नाही, असे दिसते ते यामुळे. स्ट्रीमिंगवर प्रत्येक पाहणे मोजले जाते, तिथे न पाहण्याला थोडे वजन आहे. पण तिथे निषेध करणारेच ती क्लिप पुन्हा पुन्हा पाहतात, खाली भांडतात, दहा जणांना पाठवतात आणि यंत्राला एवढेच कळते की या माणसाला मागणी आहे. त्याला शिवी आणि ओवी यांतला भेद करायचे कारण नाही.

आवाज आणि मीटर यांतले अंतर 'जेरिको'च्या चाहत्यांनी फार गमतीदार रीतीने अनुभवले. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने २००७ मध्ये ही मालिका एका हंगामानंतर बंद केली. शेवटच्या भागात नायक शत्रूला एका शब्दात उत्तर देतो, 'नट्स'; दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सेनानीने जर्मनांना दिलेल्या उत्तराची ती आठवण. चाहत्यांनी तो शब्द उचलला आणि वाहिनीच्या कचेऱ्यांत शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. थोडेथोडके नाहीत, वीस टन! वाहिनी नमली, सात नवे भाग मंजूर झाले, आणि वाहिनीच्या प्रमुख बाईंनी चाहत्यांना जाहीर पत्रात बजावले की आता नवे प्रेक्षक आणणे तुमच्या हातात आहे. ते सात भाग लागले, मीटरवर पुरेसे प्रेक्षक उमटले नाहीत आणि २००८ च्या मार्चमध्ये मालिका पुन्हा बंद पडली.

बहिष्काराचा घाव कोणावर बसतो, हेही पाहू. 'टू अँड अ हाफ मेन' या विनोदी मालिकेचा नायक चार्ली शीन याने २०११ च्या २४ फेब्रुवारीला रेडिओवरच्या मुलाखतीत तिचा निर्माता चक लॉरी याच्यावर बेफाम तोंडसुख घेतले. वाहिनी आणि स्टुडिओ यांनी त्याच दिवशी हंगामाचे काम थांबवले. २४ भागांचा हंगाम १६ भागांवर आटोपला. ७ मार्चला शीनला काढले. त्याला एका भागाचे अठरा लाख डॉलरच्या आसपास मिळत होते असे तेव्हा छापून आले होते. त्याचे काय व्हायचे ते होवो. पण आठ भाग न झाल्याचा घाव प्रकाशयोजनेचा मदतनीस, कपडेपटातली शिंपीण, जेवणाची गाडी, अशा दिवसाच्या हजेरीवर पैसे मिळणाऱ्यांवर बसला; त्यांनी मुलाखत दिली नव्हती. सप्टेंबरमध्ये शीनच्या जागी अ‍ॅश्टन कुचरला घेऊन नवा हंगाम सुरू झाला तेव्हा पहिला भाग अडीच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, त्या मालिकेच्या इतिहासातला तो उच्चांक. वादाने प्रेक्षक पळतात असे समजणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर लावून ठेवावा.

एबीसी या अमेरिकन वाहिनीने २०१८ मध्ये वेगळा मार्ग काढला. विनोदी अभिनेत्री रोझॅन बारच्या वर्णद्वेषी ट्वीटनंतर २९ मे रोजी, काही तासांतच, तिच्याच नावाची मालिका बंद झाली. सोळा ऑक्टोबरला तेच घर, तीच बाकीची माणसे घेऊन 'द कॉनर्स' सुरू झाली आणि २०२५ पर्यंत चालली. बारला त्यात ना कथेवर अधिकार, ना पैशांत वाटा. मालिका पूर्णपणे बुडवणे आणि सगळे पोटात घालणे यांच्या मधली वाट असते, फक्त त्यासाठी लेखकांना वेळ लागतो. चाहत्यांचा एक नेहमीचा आरडाओरडा असतो: 'काढले म्हणता, मग अजून दिसतोय कसा?' दिसतो, कारण चित्रीकरण पुढे झालेले असते. रोजच्या मालिकेकडे काही दिवसांच्या भागांची बँक, म्हणजे तयार साठा, असते, आणि त्यानंतर कथेचा ट्रॅक वळवायला, पात्र परगावी पाठवायला किंवा नवा चेहरा आणायला आणखी काही आठवडे जातात. स्ट्रीमिंगचा हंगाम कित्येक महिने आधीच डब्यात बंद झालेला असतो. वाहिनी टाळाटाळ करते आहे की संकलन चालू आहे, हे महिनाभर थांबल्याशिवाय कळत नाही.

मग करायचे काय? लिहायचे, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला लिहायचे. कलाकाराच्या प्रोफाइलखाली पडणाऱ्या हजारो प्रतिक्रिया बहुधा तो वाचतच नाही. निर्णय तीन ठिकाणी होतो: वाहिनी किंवा प्लॅटफॉर्म, निर्मिती संस्था आणि जाहिरातदार. तिघांना लिहिताना एक पान पुरते. कोणती मुलाखत, कोणत्या तारखेची, कितव्या मिनिटाला नेमके काय म्हटले ते उतरवून काढा; प्रश्नही द्या. आक्षेप एका वाक्यात. मागणी एकच आणि त्यांना करता येण्याजोगी: 'सेटवरच्या तक्रारी ऐकायला बाहेरची व्यक्ती नेमली आहे का ते जाहीर करा' ही मागणी 'त्याला संपवा' पेक्षा शंभर पटीने जड पडते, कारण तिला हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते. कोणीतरी लिहिलेला मजकूर चिकटवून पाठवू नका. एकाच छापाच्या पाचशे पत्रांना कचेरीत फारसे वजन मिळत नाही. १९६७-६८ च्या हिवाळ्यात 'स्टार ट्रेक' वाचवणाऱ्या चाहत्यांनी हे ओळखले होते. आपापल्या शब्दांत लिहिलेल्या पत्रांचा इतका खच पडला की १ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर एनबीसी वाहिनीला पडद्यावरूनच सांगावे लागले की मालिका चालू राहणार आहे.

सहकलाकारांना मात्र यात ओढू नये. 'तू का गप्प?' हा प्रश्न त्यांच्या पोस्टखाली दिवसातून हजारदा विचारला जातो. करारात बहुधा मालिकेची बदनामी न करण्याचे कलम असते, प्रसिद्धीमाध्यमांशी बोलण्याआधी परवानगी लागते, आणि नव्या मुलीला उद्याचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर राहण्याची वेळ, हवा असतो. तिच्या गप्प बसण्यात संमती शोधणारे लोक सगळ्यात दुबळ्या माणसाकडून सगळ्यात मोठे धैर्य मागत असतात. वॉल्टरला साठ वर्षांच्या कारकिर्दीनंतर बोलता आले, तेही रडत. आणि कलाकाराच्या बायकोला, मुलांना, आईला धमक्या पाठवणाऱ्यांबद्दल इथे चर्चा करण्यासारखे काही नाही, तो पोलिसांचा विषय आहे.

राहता राहिली आवडीची मालिका. ती पुढे पाहायची की नाही, जुने भाग पुन्हा लावायचे की नाही, हा प्रश्न चाहते एकमेकांना परीक्षकाच्या थाटात विचारतात. मला तो ज्याच्या त्याच्या खोलीतला वाटतो. कोणाला तो चेहरा आता सहन होत नाही, त्याने बंद करावी. कोणी वॉल्टरसाठी 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' पुन्हा लावतो, त्यालाही कोणी हटकू नये. तिने रंगवलेल्या ल्युसिलने उच्चारलेला प्रत्येक टोमणा तिचा आहे, शेजारी कोण उभे होते त्याचा नाही. लावलीच तर एक करा. भाग संपल्यावर कोपऱ्यात 'पुढचा भाग' अशी चौकट येते आणि श्रेयनामावली आकसून जाते. तेवढी चौकट बाजूला सारून नावे सरकू द्या. दीड-दोनशे असतात. मुलाखतीला त्यातले चार-पाचच बोलावलेले असतात.